कार्यालयातील प्रिंटर : मांडणी आणि वापर

नागपूर-अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी एका तालुक्याचे ठिकाण होय. ठाणेगाव, सारवाडी, नारा अशा गावांतील माणूस ज्या कामासाठी येथे येतो, त्या कामाचा शेवट बहुधा एका कागदाने होतो. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला जातीचे प्रमाणपत्र, कोणाला सातबाऱ्याचा उतारा, तर कोणाला मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. अर्ज आता संगणकावर नोंदला जातो, छाननी संगणकावर होते, मंजुरीही तेथेच मिळते. तथापि संत्र्याच्या बागेतील काम टाकून एस. टी. ने आलेल्या शेतकऱ्याच्या हाती पडावयाचा असतो तो कागदच. तो कागद ज्या यंत्रातून बाहेर येतो, त्या प्रिंटरची व्यवस्था मात्र पुष्कळ कार्यालयांत दैवावर सोपविलेली असते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. ‘प्रिंटर बंद आहे’ या उत्तराने ती मुदत थांबत नाही. शिवाय अनुभव असा आहे की, बिघाड म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळशा तक्रारी यंत्राच्या नसतातच. त्या यंत्र चालविणाऱ्या आज्ञावलीतील मांडणीच्या असतात. दुरुस्ती करणारा माणूस वर्ध्याहून किंवा नागपूरहून येतो, दोन ठिकाणी खुणा बदलतो आणि निघून जातो. त्या खुणा कोणत्या, हे कार्यालयातील प्रत्येकाला ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. यातील मार्गदर्शन प्रामुख्याने विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांना धरून आहे, कारण शासकीय कार्यालयांत व शाळांत सामान्यतः तेच आढळतात.

मधला दुभाषा

टंकलेखन यंत्राच्या काळी हा प्रश्नच नव्हता. बोटाने कळ दाबली की तीच खीळ कागदावर आदळत असे. चार प्रती हव्या असल्या की तीन कार्बन लावावयाचे. चारशे हव्या असल्या की स्टेन्सिल कापून ते चक्रमुद्रण यंत्रावर चढवावयाचे. संगणकावरील मजकूर मात्र थेट कागदावर जात नाही. मध्ये ‘ड्रायव्हर’ नावाची एक आज्ञावली असते. संगणकाची भाषा ती प्रिंटरच्या भाषेत सांगते, म्हणजे ती दुभाष्याचे काम करते. दुभाष्याला कागदाचे माप चुकीचे सांगितले तर तोही पुढे चुकीचेच सांगणार. म्हणून प्रिंटर बसविताना पहिली काळजी घ्यावयाची ती ड्रायव्हरची. यंत्रावर छापलेला नमुना क्रमांक पाहून नेमका त्याच क्रमांकाचा ड्रायव्हर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. विंडोज स्वतःहून जो सर्वसाधारण ड्रायव्हर बसविते, त्याने काम चालते. परंतु दोन्ही बाजूंनी छपाई, कागदाची जात, गोपनीय छपाई अशा सोयी त्यात पुष्कळदा दिसतच नाहीत. मग ‘आपल्या यंत्रात ती सोय नाही’ असा समज रूढ होतो आणि वर्षानुवर्षे टिकतो.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण तिच्यामुळे होणारा मनस्ताप मोठा आहे. एकदा केलेली मांडणी टिकत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. याचे कारण असे की, मांडणी बदलण्याच्या जागा तीन आहेत. मजकूर छापताना उघडणाऱ्या चौकटीत केलेला बदल बहुधा त्या वेळेपुरता असतो. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये केलेला बदल टिकतो, पण तो त्या वापरकर्त्यापुरता. सकाळी एक लिपिक आणि दुपारी दुसरा स्वतःच्या नावाने संगणकावर प्रवेश करीत असेल, तर पहिल्याची मांडणी दुसऱ्याला मिळत नाही. सर्वांसाठी एकच मांडणी हवी असल्यास ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडून ‘ॲडव्हान्स्ड’ या भागातील ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’मध्ये ती करावी लागते, आणि त्यासाठी संगणकाचे प्रशासकीय अधिकार असलेली व्यक्ती लागते. बसविणारा माणूस आलेला असतानाच हे काम त्याच्याकडून करून घ्यावे.

तेथेच आणखी एक खूण पाहावी. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ या पानावर ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ असा पर्याय असतो. तो चालू असला की जो प्रिंटर शेवटी वापरला, तोच पुढच्या वेळी मुख्य ठरतो. एखाद्याने काल एक पत्र ‘प्रिंट टू पीडीएफ’ने संगणकात साठविले असेल, तर आज दाखला कागदावर येण्याऐवजी ‘धारिका कोठे ठेवू?’ असा प्रश्न पडद्यावर येतो, आणि नवखा कर्मचारी प्रिंटर बिघडला असे समजून खुर्ची सोडतो. हा पर्याय बंद करून आपला प्रिंटर ‘डिफॉल्ट’ म्हणून निश्चित करावा.

कागदाचे माप

आपल्याकडे कार्यालयीन कागद ‘ए फोर’ मापाचा, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच. प्रतिज्ञापत्रे व न्यायालयीन कागदपत्रे यांसाठी ‘लीगल’ वापरात आहे. तो २१६ बाय ३५६ मिलिमीटर. पुष्कळ आज्ञावल्यांत मात्र मुळात अमेरिकेतील ‘लेटर’ हे माप बसविलेले असते, २१६ बाय २७९. ए फोर आणि लेटर यांच्या उंचीत १८ मिलिमीटरचा फरक आहे. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण दाखल्यावर त्याच १८ मिलिमीटरमध्ये सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम किंवा माथ्यावरची तालुका-जिल्ह्याची ओळ असते. कारंजा नावाचे दुसरे तालुक्याचे गाव वाशिम जिल्ह्यात आहे, कारंजा (लाड). माथ्यावरची ओळ कापली जाऊन मजकुरात नुसते ‘कारंजा’ राहिले, तर परगावच्या वसतिगृहात किंवा महाविद्यालयात तो दाखला पाहणाऱ्याने कोणते कारंजा समजावे?

माप चार ठिकाणी जुळावे लागते : मजकुराच्या धारिकेत, ड्रायव्हरमध्ये, यंत्राच्या स्वतःच्या मांडणीत आणि प्रत्यक्ष खणात ठेवलेल्या कागदात. यांपैकी तीन ठिकाणी ए फोर आणि एका ठिकाणी लेटर असेल, तर यंत्र एक तर कडा कापते किंवा कागद असूनही ‘कागद भरा’ असा संदेश देऊन उभे राहते. खणातील कागदाच्या कडेला लावावयाची सरकपट्टी हे यातील पाचवे ठिकाण म्हणता येईल. ती सैल राहिली की कागद तिरपा जातो आणि दोष आज्ञावलीला दिला जातो.

पीडीएफ छापताना ‘फिट’ आणि ‘ॲक्च्युअल साइज’ असे दोन पर्याय समोर येतात. येथे थोडे थांबावयास हवे. ‘फिट’ म्हणजे पान कागदाच्या छापण्याजोग्या भागात मावेल एवढे लहान किंवा मोठे करणे. साधे पत्र, परिपत्रक, आदेश यांसाठी तेच सोयीचे. परंतु नकाशाची गोष्ट वेगळी. समजा, गटाचा नकाशा ‘फिट’ने छापला आणि तो मूळच्या ९७ टक्के आकाराचा झाला. नकाशावर लिहिलेले प्रमाण मात्र जुनेच राहते. त्या कागदावर पट्टी ठेवून १०० मीटरचा बांध मोजला तर तो ९७ मीटर भरेल. क्षेत्र काढताना लांबी आणि रुंदी दोन्हींत तूट येते : ०.९७ गुणिले ०.९७ म्हणजे ०.९४. एका हेक्टरच्या शेतात सुमारे ६ आर जमीन कागदावरून नाहीशी होते. नकाशाच्या प्रतीवरून हद्द ठरवावयाची नसते, ते काम भूमि अभिलेख विभागाच्या मोजणीचे आहे, हे सर्वांस माहीत आहे. तरीही असा कागद भावाभावांच्या हाती पडला की पट्टी निघतेच, आणि बांधाच्या भांडणाला एक निमित्त मिळते. नकाशा, आराखडा किंवा मापाने भरावयाचा छापील नमुना नेहमी ‘ॲक्च्युअल साइज’ने, म्हणजे शंभर टक्क्यांनीच छापावा. तो ए फोरवर मावत नसेल तर मोठ्या कागदावर छापून घ्यावा. लहान करू नये.

देवनागरी अक्षरे

मराठीतून कारभार करणाऱ्या कार्यालयांना एक अडचण अशी आहे की जी इंग्रजीत काम करणाऱ्यांना माहीतच नसते. अनेक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकित झाला, आणि त्या प्रत्येकाची आतील संकेतपद्धती स्वतंत्र होती. ज्या संगणकावर तो फाँट नाही, तेथे तीच धारिका उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची रांग दिसते. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतपद्धती प्रमाणित केली आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान मिळाले. तरी व्यवहारात जुने फाँट पुष्कळ काळ राहिले, आणि जुन्या नमुन्यांच्या धारिका आजही कपाटातल्या कागदांप्रमाणे संगणकात पडून आहेत. असा जुना नमुना नव्या संगणकावर नेण्यापूर्वी तो युनिकोडमध्ये पुन्हा टंकून घेणे हाच खरा उपाय. तोवर, जेथे तो नीट दिसतो त्याच संगणकावर त्याची पीडीएफ करावी. पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत राहतो, आणि ती कोठेही छापता येते.

क्वचित असेही घडते की पडद्यावर अक्षरे शुद्ध दिसतात आणि कागदावर जोडाक्षरे फुटतात. विशेषतः ‘शेतकऱ्याचा’, ‘सातबाऱ्यावर’ यांतील ऱ्य बिघडून त्याचा रफार होतो किंवा तेथे रिकामा चौकोन येतो. अशा वेळी प्रिंटर पडद्यावरील फाँट सोडून स्वतःजवळचा वापरीत असण्याची शक्यता असते. ॲक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या चौकटीत ‘ॲडव्हान्स्ड’ या कळीखाली ‘प्रिंट ॲज इमेज’ हा पर्याय आहे. तो निवडला की पान अक्षरे म्हणून न जाता चित्र म्हणून जाते आणि जसे दिसते तसेच उमटते. छपाईला वेळ थोडा अधिक लागतो, पण माणसाचे नाव शुद्ध येते. नावातील एका काना-मात्रेमुळे शिष्यवृत्तीचा अर्ज परत आल्याची उदाहरणे शिक्षकांना सांगावयास नकोत.

ज्या कागदावर पडताळणीचा क्यूआर संकेत असतो, त्याला आणखी एक पथ्य आहे. ‘टोनर सेव्ह’ किंवा ‘ड्राफ्ट’ या काटकसरीच्या छपाईत काळे ठिपके विरळ होतात. माणसाला मजकूर वाचता येतो, पण संकेत वाचणाऱ्या भ्रमणध्वनीला तो वाचता येईलच असे नाही. कच्चे टिपण, बैठकीची विषयपत्रिका, तपासणीसाठी काढलेली प्रत यांना काटकसर शोभते. नागरिकाच्या हाती जाणाऱ्या कागदाला नाही. शाईच्या टाकीचे प्रिंटर स्वस्त पडतात म्हणून अनेक शाळांनी ते घेतले आहेत. त्यांतील बऱ्याच शाया पाण्याने पसरतात. लेझर प्रिंटरची भुकटी उष्णतेने वितळून कागदाला चिकटते, ती पाण्याने जात नाही. पावसाळ्यात पिशवीतून घरी जावयाचा दाखला शक्यतो लेझरवर छापावा. लेझरवर छापूनही अक्षरे बोटाने पुसली जात असतील तर बहुधा ड्रायव्हरमधील ‘पेपर टाइप’ चुकलेला असतो. जाड कागदाला ‘प्लेन’ म्हणून सांगितले की यंत्र पुरेशी उष्णता देत नाही. ‘थिक’ किंवा ‘हेवी’ निवडावे.

दोन्ही बाजू

वर्धा जिल्ह्यात कागदाच्या काटकसरीवर लिहावयाचे म्हणजे मगनवाडीची आठवण येणारच. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र तेथे होते, आणि हातकागद हा त्याच्या कामाचा एक भाग होता. आलेल्या पत्राची कोरी पाठ गांधीजी लिहिण्यासाठी वापरीत, हे तर सर्वश्रुत आहे. आजच्या प्रिंटरमध्ये ही सोय ‘प्रिंट ऑन बोथ साइड्स’ या नावाने आहे. तिच्याखाली ‘फ्लिप ऑन लाँग एज’ आणि ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ असे दोन पर्याय येतात आणि तेथे बहुतेकांचा गोंधळ होतो. उभे पान पुस्तकासारखे उलटावयाचे असेल तर ‘लाँग’. भिंतीवरच्या दिनदर्शिकेसारखे वर उलटावयाचे असेल, तर उभ्या पानाला ‘शॉर्ट’. आडवी तक्ता-पाने डावीकडे शिवावयाची असतील तर त्यांनाही ‘शॉर्ट’च. यंत्र स्वतः कागद उलटवीत नसेल तर विषम पाने आधी छापून गठ्ठा हाताने परत घालावा लागतो. त्यापूर्वी एका कोऱ्या कागदाच्या वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करून तो एकदा यंत्रातून काढून पाहावा, म्हणजे कागद कोणत्या तोंडाने घालावयाचा हे कायमचे समजते. माझ्या पाहण्यातील एका शाळेत हे न केल्याने संपूर्ण वर्गाच्या प्रश्नपत्रिका पाठीमागे उलट्या छापल्या गेल्या होत्या, आणि मुलांनी पेपर फिरवून फिरवून सोडविला.

शिक्षकांना अधिक उपयोगी सोय म्हणजे ‘बुकलेट’. ८ पानांची प्रश्नपत्रिका ४० विद्यार्थ्यांसाठी एका बाजूने छापली तर ३२० कागद लागतात. बुकलेटने एका ए फोर कागदावर चार लहान पाने बसतात, तेव्हा प्रत्येक मुलास दोनच कागद, म्हणजे एकूण ८० पुरतात. ८० ग्रॅमच्या कागदाचा एक ताव ५ ग्रॅमचा, म्हणून वजनात हा फरक १,६०० ग्रॅम आणि ४०० ग्रॅम असा पडतो. मात्र पान निम्मे होताना अक्षर सुमारे ७१ टक्के होते. १२ आकाराचे अक्षर साडेआठचे होऊन बसते, आणि देवनागरीच्या मात्रा-अनुस्वार त्यात बुजतात. म्हणून बुकलेटसाठी मूळ मजकूर १६ किंवा १७ आकारात टंकावा. ही काळजी घ्यावयाची नसेल तर लहान वर्गांसाठी बुकलेट करूच नये. कागद वाचवून मुलांच्या डोळ्यांना ताण देण्यात काय अर्थ आहे? अनेक प्रती काढताना ‘कोलेट’ची खूण असली की पहिला संच पूर्ण होऊन मगच दुसरा सुरू होतो आणि पाने लावीत बसावे लागत नाही.

मोठ्या यंत्रांत गोपनीय छपाईची सोय असते. संगणकावरून आज्ञा देताना चार आकडी संकेत द्यावयाचा, आणि यंत्राजवळ जाऊन तो दाबल्यावरच कागद बाहेर येतो. प्रश्नपत्रिका, गोपनीय अहवाल किंवा एखाद्याच्या आजारपणाचे कागद सामाईक प्रिंटरच्या तोंडावर उघडे पडू नयेत यासाठी ती वापरावी.

रांगेत अडकलेले काम

वीज गेली, यंत्र थांबले, लिपिकाने पुन्हा ‘प्रिंट’ दाबले, मग पुन्हा, मग पुन्हा. वीज आली आणि एकाच पत्राच्या ११ प्रती बाहेर पडल्या, असे दृश्य कोणी पाहिले नाही? दिलेली प्रत्येक आज्ञा संगणकातील रांगेत उभी राहते. कागद आला नाही तर दुसरी आज्ञा देण्यापूर्वी ती रांग उघडून पाहावी. सर्वांत पुढचे काम अडले असेल तर ते रद्द करावे. रद्द होत नसल्यास विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मधील ‘प्रिंट स्पूलर’ पुन्हा सुरू करावा, किंवा सरळ संगणक व प्रिंटर दोन्ही बंद करून चालू करावेत.

‘ऑफलाइन’ या शब्दानेही पुष्कळांना छळले आहे. वायफायवर किंवा जाळ्यावर असलेल्या प्रिंटरला राउटर एक पत्ता देतो. वीज जाऊन आल्यावर तो पत्ता बदलू शकतो, आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवीत राहतो. राउटरमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवला की हा त्रास संपतो. तारेने जोडलेल्या प्रिंटरची तऱ्हा निराळी. साफसफाईत कोणी यूएसबीची तार काढून दुसऱ्या खाचेत घातली, की विंडोजला तो नवाच प्रिंटर वाटतो आणि यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ अशी दुसरी नोंद येते. कामे जुन्या नोंदीकडे जात राहतात, प्रिंटर मुका बसतो. तार मूळ खाचेत घालावी. ती खाच ओळखू यावी म्हणून तिच्यावर रंगीत चिकटपट्टी लावावी.

चाचणीचे पान

ग्रामपंचायत असो की तहसील, प्रिंटरची नित्याची मांडणी एकाच माणसाच्या डोक्यात राहणे हे सर्वांत मोठे संकट होय. तो बदलून गेला की कार्यालय पुन्हा पहिल्या पायरीवर येते. बहुतेक ड्रायव्हरमध्ये ठरविलेली मांडणी नाव देऊन साठविता येते. ‘दाखला’, ‘नकाशा’, ‘सूचना’, ‘प्रश्नपत्रिका’ अशी चार-पाच नावे करून ठेवली की नव्या कर्मचाऱ्याला केवळ नाव निवडावयाचे राहते. हीच नावे व त्यांखालील निवडी एका कागदावर लिहून तो यंत्राच्या बाजूस चिकटवावा.

याच्या जोडीला प्रत्येक कार्यालयाने स्वतःचे एक चाचणीचे पान करावे. त्याच्या चारही कडांपासून एक सेंटिमीटर आत चौकट आखावी. चौकटीची एखादी बाजू उमटली नाही की कागदाचे माप चुकले आहे. मध्ये नेमकी १० सेंटिमीटरची आडवी रेघ असावी. कागदावर पट्टी लावल्यावर ती ९.७ भरली की ‘फिट’ चालू आहे. खाली ‘शेतकऱ्याचा सातबारा’, ‘स्त्री’, ‘श्रद्धा’, ‘वाङ्मय’ हे शब्द आणि ‘कारंजा (घाडगे), जि. वर्धा’ ही पूर्ण ओळ असावी. एका कोपऱ्यात क्यूआर संकेत असावा, जो भ्रमणध्वनीने वाचून पाहता येईल. टोनर बदलल्यावर, संगणक बदलल्यावर आणि दर महिन्याच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी हे पान छापावे, त्यावर दिनांक घालून छापणाऱ्याने आद्याक्षरी करावी आणि ते प्रिंटरच्या नस्तीत लावावे. दुरुस्तीसाठी बाहेरचा माणूस आला की आधी ही नस्ती त्याच्या हाती द्यावी.